मताचे मोल आणि प्रभागाची रेषा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेच्या अलाबामा राज्यात टस्कीगी नावाचे एक लहान शहर आहे. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी कृष्णवर्णीयांसाठी उभारलेल्या शिक्षणसंस्थेमुळे त्याचे नाव जगाला ठाऊक झाले. १९५७ सालापर्यंत या शहराची हद्द साधी चौकोनी होती. त्या वर्षी राज्याच्या विधिमंडळाने एक छोटासा कायदा करून ती बदलली, आणि चौकोनाच्या जागी अठ्ठावीस बाजूंची एक वेडीवाकडी आकृती नकाशावर अवतरली. शहरात सुमारे चारशे कृष्णवर्णीय मतदार होते. नव्या हद्दीत त्यांच्यापैकी चार-पाच उरले. गोरा मतदार मात्र एकही बाहेर गेला नाही. ती शिक्षणसंस्थाही शहराबाहेर पडली. कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता आणि कोणाला मतदान केंद्रावरून हुसकून लावण्याचीही गरज उरली नव्हती. माणसे आपापल्या घरीच होती. शहर तेवढे त्यांच्या दारातून उठून गेले होते.

तेथील कृष्णवर्णीय नागरिकांनी दोन गोष्टी केल्या. गोऱ्या व्यापाऱ्यांच्या दुकानांतून खरेदी करणे थांबविले, आणि त्या संस्थेतील समाजशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन यांच्या नावाने न्यायालयात दावा लावला. शहराची हद्द ठरविणे हा विधिमंडळाचा अधिकार आहे, असे सांगून खालच्या न्यायालयांनी दावा फेटाळला. नोव्हेंबर १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा निर्णय फिरविला. निकालपत्र न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांचे होते. मतदारसंघांच्या आखणीच्या काटेरी जंगलात न्यायालयांनी शिरू नये, असे १९४६ साली बजावणारे न्यायमूर्ती तेच. त्यांनाही येथे शिरावे लागले. पुढच्याच वर्षी टस्कीगीला आपली जुनी हद्द परत मिळाली.

या प्रकरणाची हकीकत आरंभीच सांगण्याचे कारण एवढेच, की प्रौढ मताधिकार मिळाला म्हणजे राजकीय समतेचा प्रश्न सुटला, असे मानण्याची सवय आपल्या चळवळीलाही जडलेली आहे. मत टाकता येणे ही एक गोष्ट झाली, त्या मताला वजन असणे ही दुसरी. हे वजन पेटीपाशी ठरत नाही. ते पेटीच्या कितीतरी आधी, प्रभागाची रेषा कोठून जाते आणि एका प्रभागातून किती जण निवडून द्यावयाचे, या दोन प्रश्नांच्या उत्तरात ठरून गेलेले असते.

टस्कीगीचा डाव ओबडधोबड होता, म्हणून तो पकडला गेला. त्याच राज्यातील मोबिल शहराची व्यवस्था कितीतरी सफाईदार होती आणि तिच्याशी झगडण्यात कृष्णवर्णीयांची दहा वर्षे गेली.

मोबिल हे मेक्सिकोच्या आखातावरचे जुने बंदर. गोदीकाम, जहाजबांधणी आणि त्या आधाराने वाढलेली मजूर वस्ती हे त्याचे स्वरूप. १९७० च्या जनगणनेत लोकसंख्या १ लाख ९० हजार होती आणि तीत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे ३५ टक्के होते. या शहरात आपल्यासारखी नगरसेवकांची सभा नव्हती. १९११ पासून तेथे तीन आयुक्तांचे मंडळ कारभार पाहत असे. नियम करणे, ते अमलात आणणे आणि नोकरशाही चालविणे ही सगळी कामे या तिघांकडेच होती. तिघेही साऱ्या शहराच्या मतांनी निवडून येत. वेगवेगळे प्रभाग नव्हतेच. १९६५ च्या मताधिकार कायद्यानंतर कृष्णवर्णीयांना मतदारयादीत नाव घालण्यास अडथळा राहिला नव्हता. ते नाव घालीत होते, मतदान करीत होते. तरीही १९११ पासून एकही कृष्णवर्णीय या मंडळावर निवडून आला नव्हता. १९७३ साली तिघे उभे राहिले. गोऱ्या वस्तीतून त्यांना जवळजवळ काहीच मते पडली नाहीत.

यातील यंत्ररचना नीट समजून घेण्याजोगी आहे. शंभर मतदारांचे शहर समजा. पस्तीस जण एका बाजूस, पासष्ट दुसऱ्या बाजूस, आणि दोन्ही बाजू आपापल्या माणसालाच मत देणाऱ्या. तीन जागा साऱ्या शहराने मिळून भरावयाच्या, तर पस्तिसांच्या वाट्याला तिन्हींपैकी शून्य जागा येतात. त्याच शहराचे सात प्रभाग पाडले आणि पस्तीस जण मुख्यतः दोन-तीन भागांत राहत असले, तर त्यांना दोन किंवा तीन जागा मिळतात. माणसे तीच, मते तीच. रेषा तेवढ्या वेगळ्या.

संपूर्ण शहर हा एकच मतदारसंघ असतानाही अल्पसंख्याकांना एक वाट शिल्लक राहते. प्रत्येक मतदाराला तीन मते असतील, तर त्यांनी आपले एकच मत एकाच उमेदवाराला द्यावे आणि उरलेली दोन वाया घालवावीत. बहुसंख्याकांची मते पाच-सहा उमेदवारांत विखुरली, की यांचा एक माणूस पहिल्या तिघांत येऊ शकतो. मोबिलमध्ये ही फटही बुजविली होती. तिन्ही जागांना क्रमांक होते. उमेदवाराने अमुक क्रमांकाच्या जागेसाठी, असे सांगूनच उभे राहावयाचे, आणि त्या जागेसाठी निम्म्याहून अधिक मते मिळवावयाची. म्हणजे तीन जागांची एक निवडणूक न होता एकेका जागेच्या तीन वेगळ्या निवडणुका होणार, आणि प्रत्येकीत पस्तीस विरुद्ध पासष्ट हाच सामना होणार. क्रमांकित जागेची ही गोष्ट श्रोत्यांनी लक्षात ठेवावी. पुढे तिच्याकडे पुन्हा यावे लागेल.

कोणी विचारील, की ३५ टक्के मते म्हणजे काही थोडीथोडकी नव्हेत; दोन गोऱ्या उमेदवारांत चुरस असेल तर हीच मते निर्णायक ठरतील. काही काळ तसे झालेही. जोसेफ लँगन नावाचे उदार वृत्तीचे गोरे आयुक्त १९५३ पासून कृष्णवर्णीयांच्या पाठिंब्यावर निवडून येत राहिले. पण गोऱ्या वस्तीत ‘काळ्यांचा माणूस’ हा शिक्का त्यांच्यावर हळूहळू पक्का होत गेला आणि १९६९ साली ते पडले. त्या निवडणुकीत कृष्णवर्णीय तरुणांच्या एका लढाऊ संघटनेने मतदानावर बहिष्काराची हाक दिली होती, हेही सांगितले पाहिजे. तिने लँगन यांच्या पराभवाला हातभारच लावला. दुसऱ्याच्या उदारपणावर अवलंबून असलेल्या प्रतिनिधित्वाविषयी त्या तरुणांच्या मनात जी चीड होती ती समजण्यासारखी असली, तरी तिच्यामुळे हाती काही आले नाही. लँगन यांच्या उदाहरणानंतर कृष्णवर्णीयांचा उघड पाठिंबा घेण्यास गोरा उमेदवार कचरू लागला. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे, तर शहराच्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांच्या मताचे सीमान्त मूल्य शून्याच्या आसपास आले होते, किंबहुना शून्याखाली गेले होते.

ज्याच्या मताला मूल्य नाही त्याच्या गटारालाही नसते. १९७५ साली वायली बोल्डन आणि इतर कृष्णवर्णीय नागरिकांनी शहराविरुद्ध दावा केला, तेव्हा जिल्हा न्यायालयापुढे जो पुरावा आला त्यात सांडपाण्याची आणि रस्त्यांच्या दुरुस्तीची हकीकत होती, शहराच्या समित्यांवर कृष्णवर्णीयांच्या किती थोड्या नेमणुका झाल्या याची आकडेवारी होती, आणि पोलिसांच्या अत्याचारांच्या तक्रारींकडे आयुक्त किती मंदपणे आणि भीतभीत पाहत, याचीही नोंद होती. न्यायाधीश व्हर्जिल पिटमन यांनी १९७६ साली निकाल दिला: ही पद्धत घटनाबाह्य आहे, तिच्या जागी महापौर आणि नऊ एकसदस्य प्रभागांची सभा असावी. अपील न्यायालयाने तो उचलून धरला. पण एप्रिल १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. एखाद्या पद्धतीमुळे एका समूहाला प्रतिनिधित्व मिळत नाही, एवढे दाखविणे पुरेसे नाही. ती पद्धत त्या हेतूनेच आणली किंवा राखली गेली, हे सिद्ध झाले पाहिजे, असे बहुमतातील प्रमुख निकालपत्राचे म्हणणे पडले. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी त्याविरुद्ध कडक भिन्न मत नोंदविले.

या निकालातील तर्क किती पोकळ आहे, हे महाराष्ट्रातील शेतकरी कार्यकर्त्याला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. जमीनदाराने कुळाला जमिनीवरून काढले, तर त्याच्या मनात काय होते याची चौकशी कोणी करीत बसत नाही. जमीन कुळाच्या ताब्यात आहे की गेली, हे पाहतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वी मेलेल्या आमदारांच्या हेतूचा पुरावा आणा, असे गोदीतल्या मजुराला सांगणे म्हणजे दार उघडे आहे असे म्हणून किल्ली विहिरीत टाकणे होय.

गंमत अशी, की ती किल्लीही विहिरीतून काढण्यात आली. खटला पुन्हा पिटमन यांच्यापुढे आला, तेव्हा इतिहासकारांनी दप्तरे धुंडाळली. मोबिलच्या एका वकिलाने १९०९ साली विधिमंडळाला लिहिलेले पत्र त्यांना सापडले. अडाण्यांना मतदानापासून दूर ठेवण्याची भाषा आजवर आपण केली ती खोटी होती, खरा रोख कृष्णवर्णीयांच्या मतावरच होता, अशी स्पष्ट कबुली त्यात होती. एप्रिल १९८२ मध्ये पिटमन यांनी हेतूही सिद्ध झाल्याचा निर्णय दिला. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने मताधिकार कायद्यात दुरुस्ती करून हेतूची अट काढून टाकली आणि परिणाम हीच कसोटी ठरविली. मात्र लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळण्याचा हक्क यातून निर्माण होत नाही, अशी पुस्तीही तिला जोडली. ही तडजोड होती. पण तिच्या बळावर पुढील काही वर्षांत दक्षिणेतील कितीतरी शहरांना आपले प्रभाग नव्याने आखावे लागले.

१९८५ साली मोबिलमध्ये महापौर आणि सात प्रभागांची सभा आली. तीन प्रभागांत कृष्णवर्णीयांचे बहुमत राहील अशी आखणी होती, आणि तिघे कृष्णवर्णीय सभासद निवडून आले. याहून महत्त्वाची गोष्ट नव्या कायद्यातील एका अटीत आहे. सभेचा ठराव संमत होण्यास सातपैकी पाच मते लागतील, असे ठरले. सातातून तीन वजा केले तर चार उरतात. म्हणजे चौघांनी एकजूट केली तरी त्यांना पाचवे मत पलीकडून मागावेच लागणार. निव्वळ खुर्ची देणे आणि त्या खुर्चीला वजन देणे यांतला भेद त्या तडजोड करणाऱ्यांना पुरता कळला होता. पुढे २००५ साली सॅम्युएल जोन्स हे मोबिलचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले, आणि ते मात्र साऱ्या शहराच्या मतांनी. वीस वर्षे प्रभागातून आलेले सभासद काम करताना दिसल्यावर हे घडले, हा क्रम बोलका आहे.

समाजवादी श्रोत्यांना याच इतिहासातील आणखी एक प्रकरण ठाऊक असावयास हवे. साऱ्या शहराचा एकच मतदारसंघ ही कल्पना अमेरिकेत केवळ वर्णद्वेषातून पसरली नाही. १९०० साली टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन बंदर वादळात उद्ध्वस्त झाले, तेव्हा पुनर्बांधणीसाठी आयुक्त मंडळाची पद्धत आली, आणि तिची कीर्ती ‘सुधारणा’ म्हणून देशभर झाली. प्रभागाचे राजकारण म्हणजे गल्लीतला दादा, वशिला आणि भ्रष्टाचार. साऱ्या शहराचा विचार करणारी, सुशिक्षित, कार्यक्षम माणसे हवीत, असे व्यापारी आणि उद्योगपती सांगत होते. त्यात काहीच तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. पण ओहायोतील डेटन शहरात काय झाले ते पाहावे. प्रभाग असताना तेथील समाजवादी पक्ष मजूर वस्तीतून आपले नगरसेवक निवडून आणीत असे. प्रभाग मोडून साऱ्या शहराचा एक मतदारसंघ केल्यावर १९१३ साली त्याची मते वाढून सुमारे ३५ टक्के झाली, आणि जागा मिळाली नाही. १९१७ साली ती सुमारे ४४ टक्क्यांवर गेली. तरीही एकसुद्धा जागा मिळाली नाही. गोऱ्या मजुराला शहराच्या सभेबाहेर ठेवणारी युक्ती आणि कृष्णवर्णीय मजुराला बाहेर ठेवणारी युक्ती ही मुळात एकच होती.

तेव्हा, वर्णाच्या किंवा जातिधर्माच्या अंगाने प्रभागांचा विचार करणे म्हणजे वर्गीय ऐक्यात फूट पाडणे होय, हा जो आक्षेप आपल्यातल्याच काही मित्रांकडून येतो, त्याचे उत्तर यातच आहे. ज्या मजुराला सभागृहात बसण्याची जागाच नाही, त्याच्याशी समानतेचे ऐक्य कशाच्या आधारावर करावयाचे? आक्षेपाचा दुसरा भाग मात्र गंभीर आहे. अल्पसंख्याकांचे प्रभाग आखण्याच्या नावाखाली त्यांना एकाच प्रभागात कोंबताही येते. दोन प्रभागांत साठ-साठ टक्के राहू शकले असते ते लोक एकाच प्रभागात नव्वद टक्के करावयाचे, म्हणजे एक जागा देऊन शेजारचा प्रभाग कायमचा मोकळा करून घेता येतो. वस्ती फोडणे हा एक अन्याय आणि वस्ती कोंबणे हा दुसरा. नकाशावर पहिला दिसतो, दुसरा उपकार म्हणून मिरवतो. आणि प्रतिनिधित्वाच्या न्याय्य हेतूनेही विचित्र आकाराचे मतदारसंघ आखले, तर न्यायालय त्यांनाच वर्णभेद ठरवू शकते, हे अमेरिकेत १९९३ साली उत्तर कॅरोलायनाच्या प्रकरणात दिसले. पुढे २०१३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मताधिकार कायद्यातील पूर्वसंमतीची व्यवस्था निकामी केली. पूर्वी वर्णभेदाचा इतिहास असलेल्या प्रदेशांना निवडणुकीच्या नियमांत बदल करण्याआधी केंद्राची परवानगी घ्यावी लागे; ती अट गेली. कायद्याने मिळालेले कायद्याने जाते, याचे भान ठेवणे बरे.

रेषांच्या या कटकटीतून सुटण्याचा एक मार्ग प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा आहे. न्यूयॉर्क शहराने १९३७ ते १९४५ या काळातील निवडणुका पसंतिक्रमाच्या मतपद्धतीने घेतल्या. १९४१ साली अ‍ॅडम क्लेटन पॉवेल हे त्या शहराच्या सभेतील पहिले कृष्णवर्णीय सभासद झाले ते याच पद्धतीमुळे. त्याच पद्धतीने कम्युनिस्टही निवडून आले, आणि १९४७ साली तीच सबब पुढे करून ती मोडण्यात आली. सिद्धान्त म्हणून ही पद्धत प्रभागांहून श्रेष्ठ आहे यात शंका नाही. परंतु ती येईपर्यंत आहेत त्या रेषांकडे पाठ फिरवून बसणे परवडणारे नाही.

आता सातासमुद्रापलीकडचा हा इतिहास मराठी कार्यकर्त्याने का वाचावा? कारण मोबिलची क्रमांकित जागा आपल्याच दारात आहे.

तिची पूर्वपीठिका १९५२ सालच्या मुंबईत आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काही मतदारसंघ द्विसदस्य होते, एक जागा सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. उत्तर मुंबईतून समाजवादी पक्षाचे अशोक मेहता सर्वसाधारण जागेसाठी आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेसाठी, परस्परांशी समझोता करून उभे होते. दोघेही पडले. बाबासाहेबांचा पराभव काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी सुमारे साडेचौदा हजार मतांनी केला. राखीव जागा दलितांची; पण ती कोणाला द्यावयाची हे साऱ्या मतदारसंघाने ठरविले. १९३२ च्या पुणे करारात संयुक्त मतदारसंघ मान्य करताना बाबासाहेबांना जी भीती वाटत होती, तिची प्रचीती त्यांना स्वतःच्याच पराभवात आली. पुढे १९५७ साली आंध्रातील पार्वतीपूरम येथे उलटे घडले. द्विसदस्य मतदारसंघात दोन्ही जागांवर आदिवासी उमेदवार आले आणि व्ही. व्ही. गिरी पराभूत झाले. गिरी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, १९५९ साली तेथेही हरले, आणि १९६१ साली द्विसदस्य मतदारसंघच रद्द करण्यात आले. बाबासाहेबांच्या पराभवाने जी पद्धत कोणाला खुपली नव्हती, ती गिरींच्या पराभवानंतर चारच वर्षांत गेली.

लोकसभा आणि विधानसभा यांतून गेलेली ही पद्धत महाराष्ट्राच्या शहरांत मात्र परत आली. मुंबईत एका प्रभागाचा एक नगरसेवक ही पद्धत टिकून आहे. इतर महानगरपालिकांत २००२ साली तीन सदस्यांचे प्रभाग होते, २००७ साली एकाचे, २०१२ साली दोघांचे, २०१७ साली चौघांचे. त्यानंतर सरकारे बदलली तसे एक, तीन आणि पुन्हा चार असे कायदे झाले, आणि जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या निवडणुका मुख्यतः चार सदस्यांच्या प्रभागांतच झाल्या. यात लोकशाहीचा कोणता विचार होता, हे शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. सत्तेत असलेल्या पक्षाला जे सोयीचे ते त्या वेळी झाले. मार्च २०२२ मध्ये तर विधिमंडळाने कायदा दुरुस्त करून प्रभागरचनेचा अधिकारच निवडणूक आयोगाकडून राज्य शासनाकडे ओढून घेतला. त्याविरुद्ध सत्ताधारी आणि विरोधक यांच्यापैकी कोणीही आवाज उठविल्याचे दिसले नाही. टस्कीगीची हद्द ठरविणारे अलाबामाचे विधिमंडळ येथे आठवल्यावाचून राहत नाही.

या प्रभागात जागांना अ, ब, क, ड अशी अक्षरे असतात. मतदाराने प्रत्येक अक्षरासाठी वेगळे मत द्यावयाचे. मोबिलमध्ये आकडे होते, येथे अक्षरे आहेत. २०१७ साली पुण्यात १६२ नगरसेवकांसाठी ४१ प्रभाग होते. म्हणजे एकेक प्रभाग पाऊण लाख लोकसंख्येचा. वीस हजारांची एखादी मुसलमान वस्ती एकसदस्य प्रभागात सहज बहुसंख्य झाली असती. पाऊण लाखात ती एक चतुर्थांश होते, आणि अ पासून ड पर्यंत चारही वेळा एक चतुर्थांशच राहते. मुसलमानांसाठी, ख्रिस्ती समाजासाठी घटनेने राखीव जागा ठेवलेल्या नाहीत. घटना समितीने १९४९ साली विचारपूर्वक तो मार्ग सोडला आणि तो योग्यच होता. पण तो सोडताना एक अपेक्षा गृहीत होती, ती ही, की सर्वसाधारण मतदारसंघ प्रामाणिकपणे आखले जातील. सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिले, की मुसलमानांची दाट वस्ती असलेले काही विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाले आहेत, आणि दलितांची अधिक वस्ती असलेले त्याच राज्यांतील काही मतदारसंघ सर्वसाधारण राहिले आहेत. एका वंचिताची जागा दुसऱ्या वंचिताच्या अंगणात नेऊन मांडली, की दोघांत भांडण लावण्याचे वेगळे श्रम घ्यावे लागत नाहीत.

दलित वस्तीची स्थिती वरवर बरी दिसते, कारण १९९३ पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने शहरांतही लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखून ठेवल्या आहेत. परंतु राखीव ‘अ’ जागेवर कोण येणार, हे वस्ती ठरवीत नाही. प्रभागातील उरलेले साठ हजार लोक आणि त्यांच्यापुढे चौघांचे पॅनेल घेऊन जाणारा पक्ष ठरवितो. वस्तीत ज्याने पाण्याच्या नळासाठी मोर्चा काढला तो घरी बसतो, आणि पॅनेलच्या प्रमुखाला ज्याचा त्रास होणार नाही तो सभागृहात जातो. बहुसदस्य प्रभागाचे समर्थक म्हणतात, की यामुळे कोणताही प्रभाग पूर्णपणे राखीव होत नाही, स्त्रियांना आणि खुल्या वर्गातील उमेदवाराला तेथेच जागा राहते, आणि नगरसेवकाची दृष्टी गल्लीपुरती उरत नाही. पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. दुसरा मुद्दा गॅल्व्हेस्टनपासून ऐकू येत आहे. अनुभव असा, की चौघे असले म्हणजे तुंबलेले गटार चौघांपैकी कोणाचेच नसते. आणि एवढ्या मोठ्या प्रभागात प्रचाराचा खर्च किती येतो, हे ज्यांनी निवडणूक लढविली आहे त्यांना सांगावयास नको. पैसा नसलेल्या पक्षाची कोंडी या पद्धतीत आपोआप होते. डेटनचे समाजवादी ज्या भिंतीवर आपटले, ती हीच.

म्हणून मागणी दोन गोष्टींची केली पाहिजे: सर्व शहरांत एकसदस्य प्रभाग, आणि प्रभागरचनेचा अधिकार शासनाकडून काढून स्वतंत्र आयोगाकडे. पण मागणी मान्य होईपर्यंत काम थांबत नाही. २०२६ च्या निवडणुका २०११ च्या जनगणनेच्या आकड्यांवर झाल्या. मधल्या पंधरा वर्षांत किती झोपडपट्ट्या उठल्या, किती कुटुंबे शहराच्या टोकाला नेऊन टाकली गेली, याचा त्या आकड्यांना पत्ता नव्हता. २०२७ साठी जाहीर झालेल्या जनगणनेचे आकडे हाती आले, की साऱ्या रेषा पुन्हा आखल्या जातील. ते काम प्रगणक गट जोडून होते. महापालिकेचा आयुक्त प्रारूप तयार करतो, ते प्रसिद्ध होते आणि हरकती-सूचनांसाठी थोडे दिवस मिळतात. हद्दी रस्ते, नाले, नदी, रेल्वेमार्ग यांच्या आधाराने असाव्यात, मागासवर्गीयांच्या वस्त्या शक्यतो फोडू नयेत, असे संकेत प्रभागरचनेच्या आदेशांतून सांगितले जातात. ‘शक्यतो’ या एका शब्दाच्या आडून काय काय होते, हे सुनावणीला गेलेल्यांना माहीत आहे.

त्या सुनावणीत भाषणाला किंमत नसते. वस्ती कोणत्या प्रगणक गटांत पसरली आहे, प्रत्येक गटाची लोकसंख्या किती, पूर्वीची हद्द कोठे होती, नवी कोणत्या गल्लीतून जाते, आणि तीच रेषा शंभर पावले सरकविली तर दोन्ही प्रभागांचे आकडे मर्यादेत राहतात की नाही, एवढे कागदावर मांडलेले असले तरच अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते. वॉर्ड कार्यालयात नकाशा लागल्यावर हे काम सुरू करून भागत नाही. आपल्या वस्तीचा नकाशा आधी तयार असावा लागतो. टस्कीगीच्या नागरिकांनी न्यायालयात जाताना असाच एक नकाशा बरोबर नेला होता, बाहेर जुना चौकोन आणि आत नवी अठ्ठावीस बाजूंची आकृती. फ्रँकफर्टर यांनी तो आपल्या निकालपत्राला परिशिष्ट म्हणून जोडला.